उंदरांची साखर चढत नाही? उतरत नाही? अर्काला दोष देण्याआधी या चुका तपासा

बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला सकाळी निळसर झाक येते. मधुमेही माणसं ते विश्वासानं पितात. अशा सातपुड्यातल्या झाडांची नीट परीक्षा व्हावी म्हणून आपल्याकडची एम. फार्म.ची मुलं उंदरांवर प्रयोग करतात, आणि बराचसा घोटाळा अर्क पाजण्याआधीच होऊन बसतो.

अर्काची परीक्षा घ्यायची तर आधी उंदराला मधुमेह व्हावा लागतो. त्यासाठी टोचतात ते रसायन म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन, आणि सगळ्यात जास्त नडतं तेच. ते साध्या पाण्यात कालवायचं नाही, पीएच ४.५ चा थंडगार सायट्रेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) लागतो, आणि द्रावण झालं की काही मिनिटांत टोचायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा तर दिरंगाई चालतच नाही. एका विद्यार्थिनीनं द्रावण आधी केलं, टेबलावर ठेवलं आणि मग वजनं घ्यायला बसली. दीड तास गेला. ७२ तासांनी १२ उंदरांपैकी दोघांचीच साखर २५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर, म्हणजे मधुमेह झालेला. तिनं बाटलीला दोष दिला. बाटली उत्तम होती. वजनं आधी घ्या, प्रत्येकाचा डोस कागदावर मांडा, मग बर्फावर पाच-सहा उंदरांपुरतंच द्रावण करा.

इंजेक्शननंतरची पहिली रात्र जिवावरची. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी फुटतात, त्यांतलं इन्सुलिन एकदम रक्तात येतं आणि साखर कोसळते. पिंजऱ्यात रात्रभर ५ ते १० टक्के ग्लुकोजचं पाणी ठेवा. ते विसरल्यामुळे उंदीर दगावतो, आपण डोस कमी करतो आणि पुढच्या खेपेला मधुमेहच होत नाही. एक मुका जीव फुकट जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

अर्काशी तुलनेसाठी दिलेल्या ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहावरच्या औषधानंही साखर उतरत नसेल, तर बीटा पेशी जवळजवळ संपल्या आहेत असं समजा. हे औषध उरलेल्या पेशींकडूनच इन्सुलिन काढून घेतं. तशाच वाटेनं काम करणारा अर्कही तिथं हरणारच. अशा वेळी पुढच्या खेपेला स्ट्रेप्टोझोटोसिनच्या १५ मिनिटं आधी निकोटिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) द्या, काही पेशी वाचतात.

नवख्या हातात उंदीर घाबरतो आणि भीतीनंही साखर चढते. आठवडाभर आधीपासून रोज हाताळा.

आणि साखर छान उतरली, तर आधी खाद्याची वही उघडा. कडू अर्क पाजल्यावर उंदीर खाणं टाकतो. उपाशी उंदराची साखर अर्काशिवायही उतरते. खाद्य रोज तोलून लिहा, आणि अर्काचा गट जेवढं खातो तेवढंच खाद्य देऊन मधुमेही उंदरांचा आणखी एक गट, अर्क न देता, सोबत ठेवा.