ट्रॅकवर गाडी शिकताना ट्रॅक्शन कंट्रोल कसा वापरायचा

रेस ट्रॅकवर नवीन माणूस आला की कोणी ना कोणी सांगतंच, अरे ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरून फिरू न देणारी सिस्टीम) बंद कर, त्याशिवाय शिकणार नाहीस. मला हे अजिबात पटत नाही. शिकताना तो चालूच ठेवायचा, फक्त चालू ठेवून विसरून जायचं नाही, डॅशबोर्डवरचा त्याचा पिवळा दिवा जेव्हा जेव्हा लुकलुकतो तेव्हा आपल्या पायाने किंवा हाताने काय घाई केली ते शोधायचं. त्या दिव्याइतका खरं बोलणारा मास्तर दुसरा नाही.

आधी तो काम कसा करतो ते थोडक्यात बघू. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमसाठी, प्रत्येक चाकाजवळ जो स्पीड सेन्सर असतो तोच इथेही वापरला जातो. इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते ती बाकीच्या चाकांपेक्षा जास्त जोरात फिरायला लागली की सिस्टीमला कळतं की टायरची पकड सुटतेय, मग ती इंजिनची ताकद कमी करते, बऱ्याच गाड्यांमध्ये त्या चाकाला ब्रेकही लावते. ईएससी म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल ही त्याच्या पुढची गोष्ट, तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय याची तो तुलना करतो आणि एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करायला बघतो. बॉश आणि मर्सिडीजने १९९५ मध्ये तो पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आणला. कंपन्यांनी नावं वेगवेगळी ठेवलीत, ईएसपी, डीएससी, पीएसएम वगैरे, आणि दोन्हीसाठी बटण बऱ्याचदा एकच असतं, तिथेच लोकांचा गोंधळ होतो.

म्हणून पहिलं काम ट्रॅकवर जायच्या आधीच करायचं, गाडीचं मॅन्युअल उघडून त्या बटणाचं पान नीट वाचायचं. काही गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतो आणि काही सेकंद दाबून धरलं की स्टॅबिलिटी पण जाते, काहींत पूर्ण बंद होतच नाही, आपल्या गाडीत काय होतं ते माहीत पाहिजे. टायर पण बघून घ्या. चारही टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचे हवेत, हवा बरोबर हवी आणि एक नवा एक गुळगुळीत असं नको, कारण सगळा हिशोब चाकांच्या वेगावर चालतो.

पहिल्या सेशनला सगळं चालू. टायर थंड, ब्रेक थंड, ट्रॅक अनोळखी, तेव्हा लाइन, म्हणजे वळणातून गाडी नेमकी कुठून न्यायची ते शिकायचं, ब्रेक कुठे मारायचा ते बघायचं, बस.

आता खरा अभ्यास. समजा सेकंड गिअरचा हळू कॉर्नर आहे, तुम्ही एपेक्सला, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ येतो त्या जागी पोचलात, स्टिअरिंग अजून वळलेलंच आहे आणि उत्साहात अ‍ॅक्सिलरेटर दाबला. दिवा लुकलुकतो, इंजिनचा आवाज दबतो, पाय खाली आहे पण गाडी ओढत नाही, आणि सिस्टीमने सोडेपर्यंत पुढची अर्धी स्ट्रेट, म्हणजे ट्रॅकचा सरळ भाग, निघून गेलेली असते. टायरकडे पकड ठरलेलीच असते, त्यातली बरीचशी वळण्यात खर्च होत असताना तुम्ही त्याच्याकडे वेग पण मागितलात, तेवढी शिल्लकच नव्हती. उपाय असा की स्टिअरिंग जितकं सरळ होईल तितकाच पाय खाली जाऊ द्यायचा, दोघांना एका दोरीने बांधल्यासारखं. पुढच्या लॅपला त्याच कॉर्नरला अ‍ॅक्सिलरेटर थोडा उशिरा पण सलग दाबून बघा, दिवा लागणार नाही आणि स्ट्रेटच्या शेवटी स्पीड जास्त दिसेल. डॅशबोर्डकडे टक लावून मात्र बघायचं नाही, नजर पुढच्या वळणावरच हवी. शेजारी इन्स्ट्रक्टर असेल तर दिवा कुठे लागला ते त्याला सांगायला सांगा, किंवा कॅमेरा घट्ट बसवून व्हिडिओ नंतर बघा.

दिवा कुठे लागला यावरून कारण बदलतं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना कॉर्नरच्या सुरुवातीला किंवा मध्ये लागला तर तो बहुतेक स्टॅबिलिटी कंट्रोल असतो, म्हणजे तुम्ही वेगात आत घुसलात किंवा मध्येच घाबरून पाय झटकन काढलात. इथे चूक ब्रेकिंगमध्ये शोधायची. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्ट्यावर चढताना लागला तर चाक हलकं होऊन फिरलंय, कर्ब थोडा कमी घ्या. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला आवरतो, कॉर्नरच्या आधी तुमच्यासाठी ब्रेक मारून गाडी हळू करत नाही, कॉर्नरला झेपणार नाही इतक्या वेगात गेलात तर कुठलंही बटण गाडी ट्रॅकवर ठेवू शकत नाही.

ब्रेकवर लक्ष असू द्या. दिवा सतत लुकलुकतोय म्हणजे तुमच्या नकळत ब्रेक लागतायत, पॅड आणि डिस्क तापतात, मागचे पॅड अपेक्षेपेक्षा लवकर झिजू शकतात. पेडल लांब जायला लागलं किंवा जळका वास आला की एक लॅप हळू काढून पिटमध्ये या, आणि गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून उभी करा.

स्पोर्ट किंवा ट्रॅक मोडवर कधी जायचं? माझ्या मते अख्खं सेशन नेहमीच्या वेगात दिवा जवळजवळ न लागता निघालं की, त्याआधी नाही. या मोडमध्ये सिस्टीम थोडी घसरण होऊ देते आणि उशिरा मध्ये पडते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर शेपूट थोडं हलेल, तेव्हा पाय एकदम काढायचा नाही, हळूच कमी करायचा. पुढच्या चाकांची असेल तर आतलं चाक फिरतं आणि गाडी बाहेर पळते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये दिवा कमी लागतो म्हणून आपण शिकलो असं समजू नका, तिथे आत शिरतानाचा वेग जास्त तपासा. आणि कमीपणा वाटून घेऊ नका, जीटी३ रेसिंगमध्ये (विक्रीच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेस गाड्यांची शर्यत) प्रोफेशनल ड्रायव्हर स्टिअरिंगवरच्या नॉबने ट्रॅक्शन कंट्रोल कमी-जास्त करत गाडी चालवतात. फॉर्म्युला वनमध्ये मात्र २००८ पासून त्याला बंदी आहे.

पाऊस आला की मुकाट्याने परत पूर्ण चालू. ओले कर्ब आणि रंगाचे पट्टे फार निसरडे असतात.

पूर्ण बंद करून बघायचंच असेल तर मोकळ्या ओल्या स्किड पॅडवर (गाडी मुद्दाम घसरवून सराव करायचं मैदान), कमी वेगात, इन्स्ट्रक्टर शेजारी घेऊन. तिथे गाडी फिरली तरी आदळायला काही नसतं आणि घसरलेली गाडी सावरायला हात शिकतात. तिथे पुन्हा पुन्हा जमलं की मग ट्रॅकवर, तेही इन्स्ट्रक्टर हो म्हणाला तर, आणि जिथे बाहेर भरपूर मोकळी जागा आहे असाच ट्रॅक बघून. फ्यूज काढून एबीएस बंद करायचा उद्योग मात्र कोणी सांगितला तरी करू नका.

दिवस संपला की रस्त्यावर निघायच्या आधी टायरची हवा परत रस्त्याच्या आकड्यावर आणा आणि मोड नॉर्मलला आहे, ऑफचा दिवा विझलेला आहे हे डोळ्यांनी बघूनच गाडी बाहेर काढा.