महागडा रॉड आणि रील घ्यायची का, हे पैसे देण्याआधी कसं ठरवायचं

पाऊस सरून समुद्र निवळायला लागला की नवीन गरवायला लागलेली मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात, दोन हजाराचा कॉम्बो (रॉड-रील एकत्र) घेऊ, दहा हजाराची रील घेऊ की कर्ज काढून शिमानो कंपनीची महागडी रील स्टेला घेऊ. आणि त्यांना दोनच उत्तरं मिळतात. एक, "महाग ते टिकतं, डोळे झाकून घे". दुसरं, "आमचे आजोबा हातात तंगूस (नायलॉनची दोरी) धरून जिताडे काढायचे, रीलचे कसले लाड". दोन्ही ऐकू नका. किमतीत एक टप्पा असा असतो की तिथपर्यंत प्रत्येक वाढीव हजारात काहीतरी खरं मिळतं, आणि त्याच्या पुढे मिळतो तो मुख्यतः हलकेपणा. हा टप्पा कुठे येतो ते तुम्ही कुठे आणि कसं गरवता त्यावर आहे. मी कोकण किनारा, खाड्या आणि मुंबईचे कातळ धरून लिहितोय, बोटीतून खोल समुद्रात जाणाऱ्यांचा हिशोब वेगळा आहे, तोही पुढे येईल.

आधी मासा ठरवा, मग दुकान

कोळंबी लावून खाडीत तळाला टाकून बसणार (शिंगाळा, पालू, तांबोशी), की खडपावर उभं राहून तासन् तास ल्युअर (बनावट आमिष) मारणार (जिताडा, रावस), की पवईसारख्या तलावावर कटला-रोहूसाठी बसणार, हे ठरलं की अर्धा प्रश्न सुटतो. गोड्या पाण्यातच गरवत असाल तर हा लेख इथेच सोडा, शिमानोची सिएना किंवा तशाच पातळीची कुठलीही रील घ्या आणि व्यवस्थित वापरा, वर्षानुवर्षं जाते. महागाईचा सगळा प्रश्न खाऱ्या पाण्याचा आहे.

पैसे वाटताना

रीलला सगळ्यात जास्त, मग लाईन आणि लीडर (लाईनच्या टोकाला गळाजवळ जोडायचा तुकडा), मग रॉड. बरेच जण उलटं करतात, चकचकीत रॉडवर पैसे संपवतात आणि मग स्वस्तातली रील आणि बिननावाची ब्रेड (विणलेली लाईन) लावतात. रॉडमध्ये हलणारा भाग एकही नाही. रीलमध्ये मिठाने सडणारे आणि झिजणारे डझनभर भाग आहेत. तळाच्या फिशिंगला दीड-दोन हजाराचा फायबरग्लासचा जाड रॉड मी कोणालाही बिनधास्त सांगेन, तशी रील मात्र नाही सांगणार.

बॉक्सवरचे दोन आकडे विसरा

पहिला बेअरिंगचा. "१०+१" लिहिलेली स्वस्त रील ही चांगली चार बेअरिंग असलेल्या रीलपेक्षा वाईटच असते, कारण खाऱ्या हवेत साधं बेअरिंग गंजतं आणि जास्त बेअरिंग म्हणजे गंजायला जास्त जागा. दुसरा मॅक्स ड्रॅगचा (ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, मासा ठरावीक जोराच्या वर ओढायला लागला की लाईन सुटू देणारा). १५ किलो, २० किलो असले आकडे वाचून कोणी रील घेऊ नये. रॉड हातात धरून, दाराच्या कडीला लाईन बांधून १० किलोची ओढ एकदा घेऊन बघा, रॉड टेकवायच्या कमरेच्या पट्ट्याशिवाय दोन मिनिटं उभं राहणं मुश्किल आहे. जो ड्रॅग तुम्ही आयुष्यात कधी वापरणार नाही त्याचे पैसे का द्यायचे.

ड्रॅग तपासणं (हे नीट करा, बाकी चुकलं तरी चालेल)

रीलला दिलेले पैसे वसूल होतात की नाही ते इथे कळतं, आणि मला स्वतःला हे उमगायला बराच काळ लागला कारण सांगणारे सगळे एवढंच सांगायचे, "हाताने लाईन ओढून बघ, स्मूद आहे ना, मग झालं." हाताने ओढून काहीही कळत नाही. दुकानात आपण ओढतो ती अर्धा किलोची ओढ, आणि अर्ध्या किलोवर बाजारातली प्रत्येक रील स्मूदच वाटते, मासा ओढतो तो तीन-चार किलोवर. म्हणून तपासायचं ते तिथे.

वजन करायचा लटकता डिजिटल काटा घ्या, लोक प्रवासाला जाताना बॅग तोलायला वापरतात तोच, तीन-चारशे रुपयात मिळतो. रील रॉडवर चढवा, ब्रेड भरा, पण स्पूलवर (रीलचा लाईन गुंडाळायचा भाग) आधी थोडी तंगूस किंवा चिकटपट्टीचा वेढा द्या, नाहीतर आख्खी ब्रेडच स्पूलवर गोल फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग सुटतोय. लाईन सगळ्या गाईडमधून (रॉडवरच्या रिंगांमधून) ओवून काट्याच्या हुकाला बांधा, रॉड साधारण ४५ अंशात धरा आणि दुसऱ्या माणसाला काटा धरून सावकाश मागे चालायला सांगा. रॉडशिवाय नुसत्या रीलवर मोजू नका, कारण रॉड वाकला की लाईन प्रत्येक गाईडवर घासते आणि टोकाची ओढ रीलवर लावलेल्या ड्रॅगपेक्षा जास्त येते. माशाला आणि तुमच्या गाठीला सोसावी लागते ती टोकाचीच ओढ.

किती लावायचा? लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. ३० पाउंडाची लाईन म्हणजे १३.६ किलो, म्हणजे ड्रॅग साडेतीन ते साडेचार किलो. गाठ कच्ची असेल तर गाठीची ताकद धरा, लाईनची नाही.

आता काट्यावरचा एक नाही, दोन आकडे बघायचेत. पहिला, स्पूल जागचा हलायच्या क्षणी किती दाखवला. दुसरा, स्पूल फिरायला लागल्यावर किती राहिला. चांगल्या रीलवर हे जवळजवळ सारखे असतात, ३.५ ला सुटते आणि ३.३-३.४ वर चालत राहते. वाईट रील पाचला सुटते, मग एकदम तीनवर पडते, मग अडकते, परत पाच. हे धक्के म्हणजेच तुटलेली लाईन. लोक म्हणतात "मासा मोठा होता, लाईन तोडून गेला", पण ३० पाउंडाची लाईन खाडीतला मासा सहसा ताकदीने तोडत नाही, ड्रॅग पहिल्या झटक्याला सुटत नाही म्हणून ती तुटते. जिताडा गळ लागल्यावर लगेच उसळी मारतो, आणि नेमक्या त्या क्षणी स्पूल चिकटलेला असेल तर बाकीच्या रीलला अर्थ नाही.

एकदा करून थांबू नका. लाईन भरा, परत ओढा, वीसेक वेळा भराभर. स्वस्त रीलमध्ये गरम झाल्यावर आकडा सरकायला लागतो. मग स्पूलवर ग्लासभर गोडं पाणी ओता आणि परत ओढा, कारण समुद्रावर ती ओली होणारच आहे. पाणी गेल्यावर ड्रॅग अचानक ढिला पडला किंवा चिकटला तर ती रील किनाऱ्यासाठी नाही, मग किंमत काहीही असो. ऑनलाईन मागवली असेल तर पाण्याची चाचणी सोडून बाकी सगळं रिटर्नच्या मुदतीत घरी करून घ्या.

अजून एक गोष्ट, ही कुठल्याच दुकानदाराने मला सांगितली नाही. स्पूल रिकामा होत जातो तसा ड्रॅग आपोआप वाढतो. ड्रॅग आवळायच्या नॉबला हात न लावता. भरलेल्या स्पूलचा व्यास ५० मिलिमीटर असेल आणि मासा लाईन घेत घेत तो ३५ वर आला, तर ३ किलोचा ड्रॅग ४.३ च्या आसपास जातो, कारण स्पूल फिरवायला जोर तेवढाच लागतो पण तो आता लहान त्रिज्येवर लागतोय. म्हणून मासा लांब पळाला की घाबरून नॉब आवळणारा माणूस नेमकं उलटं करतो. तेव्हा किंचित ढिला करायचा. किनाऱ्यावर हे कोणाला करताना बघितलं की मला ओरडल्याशिवाय राहवत नाही.

आता किमतीचं. या चाचणीत दोन हजाराची रील आणि दहा हजाराची रील यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पेन कंपनीची बॅटल घ्या, दाईवा कंपनीची बीजी घ्या, साधारण आठ ते बारा हजाराच्या घरातल्या रील, बॉडी धातूची, बॅटलमध्ये कार्बन फायबरचे एचटी-१०० ड्रॅग वॉशर आहेत, तीन-चार किलोवर यांचा ड्रॅग सुरळीत चालतो. पण दहा हजार आणि लाख यांच्यात त्याच तीन-चार किलोवर काटा फारसा फरक दाखवत नाही. तो फरक दिसायला आठ-दहा किलोचा ड्रॅग लावून, एका दमात शंभर मीटर पळणारा मासा लागतो, आणि असा मासा तुमच्या खाडीत आहे का हे तुम्हीच सांगा.

मीठ आत जातं कुठून

पहिला मरतो तो लाईन रोलर. बेलवरचं (स्पूलभोवतीच्या तारेच्या कमानीवरचं) ते छोटं चाक, ज्यावरून लाईन वळते. ते मिठाने जाम झालं की फिरायचं थांबतं, ब्रेड एकाच जागी घासते, रोलरला खाच पडते आणि मग ती खाच रोज तुमची लाईन खाते. दुकानात बोटाने रोलर फिरवून बघा, आणि पुढे दर ट्रिपनंतर तेलाचा एक थेंब. यानंतर हँडलच्या बाजूचं बेअरिंग आणि उलटं फिरू न देणारा वन-वे क्लच. हँडल पकडून रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) उलटा ढकला, जरासुद्धा मागे जाता कामा नये.

सीलबंद रीलला जास्त पैसे द्यावेत असं माझं ठाम मत आहे, पण खडपावर लाटा अंगावर घेणाऱ्यांनी. पेनच्या स्पिनफिशर ६ ला आयपीएक्स५ (पाणी अडवण्याचं रेटिंग) आहे, म्हणजे सगळ्या बाजूंनी पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. पाण्यात बुडवली तरी चालेल असा त्याचा अर्थ नाही, तिथे आयपीएक्स७ पासून पुढचं रेटिंग लागतं. हे लोक हमखास चुकीचं समजतात आणि रील लाटेत धरून धुतात. जेट्टीवर सुक्या पायाने बसणाऱ्याला या रेटिंगचा फारसा उपयोग नाही. दाईवाच्या मॅगसीलबद्दल एवढंच, त्यात चुंबकाने धरून ठेवलेलं तेल पाणी अडवतं, कल्पना उत्तम आहे, पण घरी खोललीत तर ते तेल जातं. स्वतः रील खोलून साफ करायची सवय असेल तर साधी घ्या.

रॉड

इथे महाग म्हणजे मजबूत हा समज काढून टाका. महाग रॉडचं कार्बन जास्त ताठ असतं म्हणून तेवढ्याच ताकदीला कमी लागतं, रॉडच्या नळीची भिंत पातळ होते, रॉड हलका होतो. पातळ भिंतीला कातळाचा एक टोला, शिशाचा एक ठोका बसला की बारीक जखम राहते आणि पुढच्या माशाला तिथेच मोडतो. तळाला टाकून दगडात रॉड खोचणाऱ्याने वीस हजाराचा कार्बन घेणं म्हणजे पैसे फुकट. मिश्र फायबर घ्या, अग्ली स्टिकसारखा, मार खातो.

गाईड मात्र बघून घ्या. ब्रेड वापरणार असाल तर रिंगा चांगल्या सिरॅमिकच्या हव्यात, फुजीच्या असतील तर उत्तम, आणि प्रत्येक रिंगेतून कापूस फिरवा, धागा अडकला तर रिंगेला तडा आहे. मासा जवळ आल्यावर रॉड सरळ उभा करून उचलू नका, त्यात दोन हजाराचाही मोडतो आणि चाळीस हजाराचाही.

मग लाखाची रील कोणासाठी

दिवसभर ल्युअर मारणाऱ्यांसाठी, आणि मोठ्या माशासाठी. हे मी मनापासून सांगतोय, कारण "सगळं मार्केटिंग आहे" म्हणणारेही चुकतात. सकाळपासून दुपारपर्यंत शेकडो कास्ट मारायचे तर रॉड आणि रील मिळून शंभर-दीडशे ग्रॅम कमी झाले की मनगट आणि खांदा संध्याकाळी वेगळे असतात, आणि थकलेला माणूस नेमका भरती पालटायच्या वेळी थांबतो. अंदमानला बोटीतून जायंट ट्रेव्हलीसारख्या (मोठा, ताकदवान समुद्री मासा) माशासाठी पॉपर (पाण्यावर आवाज करणारं ल्युअर) मारायला जाणार असाल तर स्टेला एसडब्ल्यू, साल्टिगा यांना तोड नाही, तिथे गिअर आणि रोटर वाकणं म्हणजे दिवस संपला. लाखात मिळतं ते हेच, ओझ्याखाली न वाकणारी बॉडी, वर्षानुवर्षं तशीच फिरणारी गिअर. वर्षातून दोनदा मालवणला सुट्टीत गरवणाऱ्याला ते कळणारसुद्धा नाही, त्याने बॅटल किंवा बीजी घ्यावी आणि उरलेल्या पैशात चांगली ब्रेड आणि चार जिताड्याचे ल्युअर घ्यावेत.

सुटे भाग

पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला विचारा, या मॉडेलचे बेल स्प्रिंग, ड्रॅग वॉशर, हँडल भारतात मिळतात का, आणि किती दिवसात. नुसतं "मिळेल मिळेल" म्हणाला तर आधीच्या गिऱ्हाइकाला काय दिलं ते विचारा. परदेशातून नातेवाइकाकडून आणलेल्या महागड्या रीलचं इथेच अडतं, स्प्रिंग छोटी पण ती नाही तर रील कपाटात.

घरी आणल्यावर

धुताना ड्रॅग घट्ट करा म्हणजे पाणी वॉशरमध्ये जाणार नाही, वरून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, नळाचा जोरदार फवारा नको, बादलीत बुडवणं तर अजिबात नको. सुकली की ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा. विशेषतः जून-जुलैला रील पडून राहते तेव्हा, कारण आवळून ठेवलेले फेल्टचे वॉशर दबून चिकटतात आणि पावसानंतरच्या पहिल्याच माशाला स्पूल जागचा हलत नाही. सीझन सुरू करताना काट्यावर परत एकदा तेच दोन आकडे बघा, सुटताना किती आणि चालताना किती, फरक वाढलेला दिसला तर आधी वॉशर बदला, नवी रील बघायला नंतर जा.