जुनी पद्मिनी: घ्यायच्या आधी काय बघाल, घेतल्यावर काय कराल

प्रीमिअर पद्मिनी ही जुनी मोटार बघायला जाताना खिशात तीन वस्तू ठेवा: रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च. इंजिन सुरू करून दाखवायची घाई मालकालाच असते. त्याला म्हणावं, थांबा जरा.

कारण इंजिन 1089 सीसीचं, साधं. कुठलाही जुना मिस्त्री ते डोळे मिटून खोलतो. खरा प्रश्न पत्र्याचा आहे. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. पद्मिनीत बॉडी हाच सांगाडा. तळ गेला की गाडी गेली.

दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जागा या क्रमाने चुंबक फिरवा. पत्र्याला ते चिकटतं. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेल्या जागी घसरून पडतं. मी घेतली ती 1986 ची क्रीम गाडी बाहेरून आरशासारखी होती. ड्रायव्हरच्या दाराखाली चुंबक घसरलं, म्हणून स्क्रू ड्रायव्हर हलकेच टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. लांबीच्या मागे कोंबलेला वर्तमानपत्राचा ओला बोळा निघाला. मालक म्हणाला, "कोकणातली हवा हो." मी किंमत पाडून घेतली गाडी, पण तिथल्या वेल्डिंगचा खर्च इंजिनच्या कामापेक्षा जास्त झाला. तुम्हाला अशी छिद्रं तीन-चार ठिकाणी सापडली तर नमस्कार करून परत या. मॅट उचलून फ्लोअरही बघायला विसरू नका.

मग कागद. चासी आणि इंजिनवरचे कोरलेले नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणीपत्राशी, अक्षर-अक्षर जुळवा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते झालंय का ते विचारा. रंग किंवा इंजिन बदललं असेल तर आरसीत नोंद हवी. पद्मिनी हे नाव 1974 चं, त्यामुळे पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. ऑफिसला न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

गाडी घरी आली की पहिलं काम: किल्ली न फिरवणं. बरीच वर्षं उभी असेल तर बॅटरी काढा, इंजिनचे चारही स्पार्क प्लग काढा आणि प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा. दोन दिवस मुरू द्या. मग प्लग न लावताच चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळूच पुढे-मागे ढकला. इंजिन सैल फिरलं तर सुटलात. अडकलं तर जोर करू नका, इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, खोला.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याला वार्निशसारखा वास येतो आणि त्याची राळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसते. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही आणि गरम इंजिनवर ठिबकणारं पेट्रोल म्हणजे आगच. इथेनॉल सोसणारा पाइप मागून घ्या. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, कंडेन्सर नवा टाका. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळट असेल तर अजून काम बाकी आहे.

ब्रेकमध्ये मात्र एक रुपयाही वाचवू नका. चारही चाकांना ड्रम आहेत. व्हील सिलिंडरचे आणि मास्टर सिलिंडरचे रबर आतून कडक झालेले असतात, एक गळतंय म्हणून एकच बदलू नका. ड्रममधली धूळ फुंकायची नाही: जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. गाडी उचलताना जॅकवर विश्वास नको, विटांवर तर मुळीच नको. पक्के स्टँड लावा. मग ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची, सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. याला दुसरं माणूस लागतं. आमच्याकडे बायको पेडलवर होती आणि मी गाडीखालून "दाब… धर… सोड" असं ओरडत होतो. समोरच्या काकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

गिअर अडकतो म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघू नका. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यांना खाली बुश, म्हणजे छोट्या नळ्या, असतात, ते झिजले की गिअर भलतीकडे जातो. बुश स्वस्त मिळतात. सुटे भाग शोधायला मुंबईत कुर्ल्याची बाजारपेठ, पुण्यात नाना पेठ. जुना भाग सोबत न्या; नुसतं वर्णन करून आणलेला निम्म्या वेळा बसत नाही.

वायरिंग: उंदरांनी कुरतडलेली असेलच. पूर्ण नवं करा, फ्यूज लावून.

रंग सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, रंगवून घेतात आणि मग इंजिन उतरवताना फेंडरला ओरखडे पाडतात.

पहिली फेरी चाळीसच्या वेगाने, घरापासून दोन-तीन किलोमीटरच. परत आल्यावर चारही चाकांपाशी हाताची पाठ जवळ धरा. एकच ड्रम तापला असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग बघा: काळा चिकट म्हणजे इंजिन ऑइल, चाकाजवळचा पातळ म्हणजे ब्रेक ऑइल. पहिल्या डागाला आठवडाभर सवड द्या. दुसरा दिसला तर त्या दिवशी गाडी जागची हलवू नका.