बेटाच्या नावाचा माग कसा काढावा: वेल्समधील एक बेट आणि तिसवाडीची बेटे

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील एखाद्या बेटाविषयी लिहिताना अभ्यासक बहुधा पहिल्याच परिच्छेदात जुने नाव, पोर्तुगीज काळातील नाव आणि आजचे नाव अशी रांग लावतो. ही रांग सोयीची असली तरी क्वचितच खरी असते. एकाच बेटाला एकाच काळात निरनिराळ्या भाषांचे लोक निरनिराळ्या नावांनी ओळखतात आणि एक नाव आले म्हणून दुसरे मेले असे सहसा होत नाही. म्हणून प्रत्येक नावापाशी ते केव्हाचे आहे याइतकेच ते कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणासाठी लिहिले हे विचारावे. आपल्या बेटांविषयी प्रत्येकाची श्रद्धा आणि अभिमान आधीच ठरलेले असतात. त्यामुळे ही पद्धत प्रथम दूरच्या एखाद्या बेटावर वापरून पाहावी, असे माझे मत आहे.

वेल्सच्या वायव्येस अँगलसी नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पूर्व टोकाला, पेनमॉनसमोर, सुमारे एक किलोमीटर लांबीचे एक लहान बेट आहे. लॅटिनमध्ये लिहिलेल्या वेल्सच्या जुन्या वार्षिक नोंदींत इसवी सन ६२९ च्या सुमारास एक त्रोटक वाक्य येते: कॅडवॅलन राजाला 'ग्लानॉक' बेटावर वेढा पडला. हे ग्लानॉक म्हणजे पेनमॉनसमोरचेच बेट, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. येथे पहिली काळजी घ्यावी लागते. प्रसंग सातव्या शतकातला आहे, पण या नोंदी दहाव्या शतकात संकलित झाल्या आणि आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत सुमारे ११०० सालची आहे. म्हणून आपल्या टिपणात प्रसंगाचे, संकलनाचे आणि प्रतीचे अशी तीनही साले वेगवेगळी लिहावीत. तसे न केल्यास प्रत करणाऱ्याचे वर्णलेखन आपण नकळत सातव्या शतकाच्या माथी मारतो.

यानंतर गेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मोपदेशक येतो. ११८८ मध्ये आर्चबिशप बाल्डविन यांच्याबरोबर केलेल्या वेल्सच्या प्रवासाचे वर्णन त्याने लॅटिनमध्ये लिहिले. या बेटावर तपस्वी राहतात, त्यांच्यात भांडण झाले की उंदीर येऊन त्यांचे अन्न फस्त करतात आणि भांडण मिटले की उंदीरही नाहीसे होतात, असे तो सांगतो. बेटाचे वेल्श नाव तो 'एनिस लानाख' असे देतो, त्याचा अर्थ 'धर्मसंस्थेचे बेट' असा लावतो आणि तेथे अनेक संतांचे देह पुरले असल्याचे कारण जोडतो. आता 'ग्लानॉक'मधला ग कुठे गेला, हे पाहावे. वेल्श भाषेत बेटाला 'अनिस' म्हणतात आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याच्या मागून येणाऱ्या नावाचा आरंभीचा ग व्याकरणाच्या नियमानेच गळून पडतो. म्हणजे येथे नाव बदललेले नाही, फक्त त्याचे रूप बदलले आहे. उलट गेराल्डने सांगितलेला अर्थ ही बाराव्या शतकातली समजूत आहे. ती त्या शतकाचा पुरावा म्हणून मोलाची आहे. व्युत्पत्ती म्हणून तिच्यावर भार टाकू नये.

याच बेटाचे 'प्रीस्टहोम' हे नाव नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेच्या, वळणाचे आहे आणि ते धर्मगुरूंच्या वस्तीकडे बोट दाखवते. सहाव्या शतकातील संत सेरिओल यांच्यावरून 'अनिस सेरिओल' हे वेल्श नाव रूढ आहे, तर इंग्रजीत पफिन या समुद्रपक्ष्यावरून 'पफिन आयलंड' म्हणतात. ही दोन्ही नावे आज शेजारी शेजारी नांदत आहेत. शिवाय आयर्लंडच्या केरी परगण्यातही एक पफिन आयलंड आहे. म्हणून नुसत्या नावावरून दोन उल्लेख जोडण्याआधी किनारा आणि शेजारचे गाव ताडून पाहणे अनिवार्य ठरते.

आता हीच नजर घेऊन तिसवाडीतील चोडण बेटाकडे यावे. पोर्तुगीज कागदांत हे बेट 'चोरांव' म्हणून येते, तर शेजारच्या दिवाडी बेटाचे 'दिवार' होते. ही वेगळी नावे आहेत की एकाच नावाची लेखणी बदलली आहे, हे ठरवण्याचा चांगला मार्ग म्हणजे त्याच लेखणीने लिहिलेले आणि आपल्याला निश्चित ठाऊक असलेले तिसरे नाव घेणे. उत्तर गोव्यातील पेडण्याचे तिथे 'पेर्नेम' होते. तिन्ही ठिकाणी ड च्या जागी र आलेला दिसला की नियम हाती लागतो आणि नावांतराची निम्मी कोडी तिथेच सुटतात. चोडणचा 'चूडामणी'शी किंवा दिवाडीचा 'दीपवती'शी सांगितला जाणारा संबंध मात्र गेराल्डच्या अर्थाप्रमाणेच हाताळावा. परंपरा आदराने नोंदवावी आणि ती प्रथम कोणत्या लिखाणात भेटते, याचा शोध चालू ठेवावा.

नाव जागा सोडून जाऊ शकते, हेही विसरू नये. श्री सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावरील नार्वे येथे होते. पोर्तुगीज काळातील विध्वंसानंतर देव नदीपलीकडे डिचोली महालात गेला आणि तिथल्या नार्व्यातील मंदिराचा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला. त्यामुळे कागदात नार्वे दिसले की ते नदीच्या कोणत्या काठचे, हे प्रत्येक वेळी ठरवावेच लागते. आजूबाजूच्या गावांची, खाजनांची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींची) किंवा तारीची (नदी ओलांडण्याच्या जागेची) नावे त्याच पानावर असतील, तर ती उतरवून घ्यावीत. निर्णय बहुधा त्यांच्यावरूनच होतो.

सामग्रीसाठी पणजीचे पुराभिलेख खाते आणि पाटोवरील कृष्णदास शामा ग्रंथालय येथून आरंभ करावा. गावकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचे, जुने कागद सर्वांत उपयोगी पडतात, कारण त्यांत शेताबांधांची नावे बारकाईने येतात. आजच्या रूपासाठी एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद) पाहावा आणि गावातील वडीलधाऱ्यांच्या तोंडचा उच्चार स्वतंत्रपणे टिपावा, कारण सरकारी पाटी आणि बोली यांत फरक असतो. नोंद करताना मूळ वर्णलेखन आहे तसे उतरवावे, सुधारू नये. आपले देवनागरी रूप, लेखकाची भाषा, प्रतीचे साल आणि ओळख पटवण्याचा आधार हे त्यापुढे वेगळे लिहावे. लेखात शीर्षकासाठी स्थानिकांचे चालू नाव घ्यावे, पण अवतरणात मूळ लेखकाचेच नाव राहू द्यावे आणि पहिल्या उल्लेखापाशी दोहोंचा मेळ एका वाक्यात सांगावा.