डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं मशीन बदलताय? आधी फॉन्ट बघा

बॅकअप घ्या हे सांगायला नको. दोन ठिकाणी घ्या आणि पुढे चला.

आता फॉन्ट. जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या ठरलेल्या अक्षर-कोडांत नसतो. आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, त्यावर देवनागरीचा साज फॉन्ट चढवतो. फॉन्ट गेला की पानावर नुसता कचरा. आणि सी ड्राइव्हवरचं विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर कॉपी केलं म्हणजे फॉन्ट आले, असं मुळीच नाही! विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून साध्या ‘इन्स्टॉल’ने टाकलेला फॉन्ट तिथे जातच नाही, तो त्या यूजरच्या अ‍ॅपडेटात, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या फोल्डरात जाऊन बसतो. जितके ऑपरेटर वेगळ्या लॉगइनने बसतात, तितकी फोल्डरं बघा. रात्रपाळीवाल्याचंसुद्धा. मागच्या वेळी नेमकं तेच राहिलं, आणि कळलं तेव्हा जुनं मशीन फॉरमॅट झालं होतं.

फॉन्टचं नाव तेच दिसलं म्हणून खूश होऊ नका. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती ताडून बघा. एका अक्षराची रुंदी केसभर बदलली तरी ओळी सरकतात आणि १६ पानांच्या फॉर्मचा (एकत्र छापायच्या पानांच्या संचाचा) मजकूर सतराव्या पानावर सांडतो. म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवर चार-पाच किचकट पानांच्या पीडीएफ काढा. जोडाक्षरं, तक्ते, तळटीपा असलेली पानं निवडा. नव्या मशीनवर तीच पानं उघडून शेजारी ठेवून बघा. टाइप १ (अडोबीचा जुना प्रकार) फॉन्ट असतील तर अडोबीने त्यांचा आधार जानेवारी २०२३ मध्येच काढून घेतलाय. नवं इनडिझाइन, म्हणजे अडोबीचं पानं लावायचं सॉफ्टवेअर, ते ओळखत नाही.

पेजमेकरच्या (इनडिझाइनच्या आधीच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली सरळ उघडणारं शेवटचं इनडिझाइन म्हणजे सीएस६. तेव्हा जुन्या अंकांचं रूपांतर आधी सीएस६ मध्ये उरकून घ्या, ते काढून टाकायची घाई नको. दोन्ही आवृत्त्या चालू असतील त्या काळात एक काम एकाच आवृत्तीत. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. आयडीएमएल (जुन्या आवृत्तीत उघडणाऱ्या प्रकारची फाइल) काढून न्यावी लागते, आणि तसं केल्यावर पानं पुन्हा तपासावी लागतात. इथे कोणी ‘जरा बघतो’ म्हणून फाइल उघडून सेव्ह केली की झालं कल्याण.

डॉन्गल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागते ती किल्ली): विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे डॉन्गलचा ३२-बिट ड्रायव्हर चालणार नाही. विक्रेत्याला मशीन घेण्याआधी फोन करा, नंतर नाही.

लायसन्स जुन्या मशीनवर डीअ‍ॅक्टिव्हेट करा. प्रिंटर, स्कॅनर, ईमेल ज्याचं त्याने बघावं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा जुन्या मशीनचं नेट काढा, पण अंक छापून हातात येईपर्यंत ते फॉरमॅट करू नका. आणि अ‍ॅपडेटा बघितलंत ना? सगळ्या यूजरचं?