काविळीचा पेशंट सर्जरी वॉर्डात आला की आधी काय विचारायचं

सर्जरीला नव्याने लागलेल्या इंटर्न मंडळींसाठी लिहितोय. काविळीचा पेशंट आला की सगळे आधी बिलिरुबिनचा (रक्तातल्या पित्ताच्या पिवळ्या रंगद्रव्याचा) रिपोर्ट शोधतात, तसं करू नका, आधी शीचा रंग विचारा. पित्त आतड्यात उतरतच नसेल तर शी पांढरट, मातकट होते आणि तेच पित्त रक्तातून लघवीत येतं म्हणून लघवी काळ्या चहासारखी. पेशंट हे आपणहून सांगत नाही, लाजतो, मग सरळ बेडपॅन बघा. अंगाला खाज सुटते, रात्री जास्त, बरेच जण महिनाभर खाजेचं मलम लावून आलेले असतात. डोळे खिडकीपाशी नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली कावीळ चकवते, आणि बिलिरुबिन 2.5-3 mg/dL च्या वर गेल्याशिवाय ती नीट दिसतही नाही.

आता मेन प्रश्न, दुखतंय का?

उजव्या बरगडीखाली कळ येऊन मग कावीळ, आणि ती कमी-जास्त होते, तर बहुतेक पित्तनलिकेत खडा अडकलाय. न दुखता कावीळ रोज वाढतेय, वजन उतरलंय, भूक मेलीय, शुगर अचानक नवीन निघालीय, तर स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर डोक्यात ठेवा. अशा वेळी पित्ताशय हाताला लागलं तर खड्याची शक्यता कमी, कोर्वाझिए या स्विस सर्जनने 1890 मध्येच सांगून ठेवलंय. कारण साधं आहे, वर्षानुवर्षं खडे असलेलं पित्ताशय आकसून जाड झालेलं असतं, ते फुगणार कसं? पण एक गोची आहे, नलिकेच्या तोंडाशी असलेल्या गाठीतही कावीळ मध्येच उतरते, तेव्हा उतरली म्हणून पेशंटला घरी पाठवू नका.

पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन काही दिवसांनी कावीळ आली तर राहिलेला खडा, नाहीतर ऑपरेशनात चुकून मुख्य पित्तनलिकेलाच लागलेली क्लिप, लगेच सीनियरला कळवा.

आणि गावठी औषध घेतलं का, कावीळ उतरवून आलात का हे विचाराच, पण ओरडू नका, ओरडलात की पुढचं काहीच सांगणार नाहीत. किती आठवडे त्यात गेले तेवढं कळलं तरी पुरे.

थंडी वाजून ताप, दुखणं आणि कावीळ, तिन्ही एकत्र आलं की पित्तनलिकेत इन्फेक्शन, हीच ती शार्कोची त्रयी. त्यात बीपी पडलं किंवा पेशंट बरळायला लागला तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, सीनियरला झोपेतून उठवा, अँटिबायोटिक सुरू करा, ईआरसीपीवाल्यांना (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करणाऱ्यांना) फोन लावा, कारण ते तुंबलेलं पित्त बाहेर काढल्याशिवाय नुसत्या औषधाने भागत नाही.

तपासणीत सोनोग्राफी पहिली, नलिका फुगलीय का आणि कुठपर्यंत ते बघायला, सीटी आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) नंतर. पित्त अडलं की रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढलेलं असणारच. पण पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, विसरू नका हां, पित्त नाही म्हणजे व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त नीट गोठत नाही, म्हणून सुई-स्कोप काहीही घालायच्या आधी तो रिपोर्ट हातात हवा आणि वाढलेला असेल तर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन.