अर्ज दिल्लीला की मुंबईला? या चुका टाळा

भुसावळला गाडी बदलताना मोबाइल गेला, असं समजा. समोर खाकीतला जवान दिसतो. रेल्वे केंद्राची, म्हणजे पोलीसही केंद्राचा, म्हणून तुम्ही त्याच्याकडे धावता. तो निघतो रेल्वे सुरक्षा दलाचा, आणि हात करतो लोहमार्ग पोलीस ठाण्याकडे. टोलवाटोलवी वाटते, पण माणूस बरोबर सांगतोय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या यादीत आहे. पोलीस मात्र राज्यसूचीत, आणि तिथे रेल्वे पोलिसांचा उल्लेख मुद्दाम केलाय. त्यामुळे एकाच फलाटावर दोन सरकारं उभी असतात. रेल्वेचं सामान चोरीला गेलं तर सुरक्षा दल बघतं, तुमच्या खिशातलं गेलं तर फिर्याद राज्याच्या लोहमार्ग पोलिसांत.

दुसरी चूक याहून महागात पडते: कायदा संसदेचा, तर अर्जही दिल्लीला. धडगाव-अक्कलकुव्याकडचे वनहक्काचे दावे घ्या. कायदा केंद्राचा, २००६ चा. दावा मात्र ग्रामसभेपासून निघतो, उपविभागीय समितीकडे जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत त्याचा निकाल लागतो. तो अडलाय कुठे, हे नंदुरबारलाच कळतं. (जंगल हा विषय मुळात राज्याचा होता, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला. तिथे दोन्ही सरकारांना कायदा करता येतो, आणि ठिणगी पडलीच तर सहसा केंद्राचा टिकतो.) रेशनचंही तसंच. धान्य केंद्राचं, पण कार्डावर नाव चढवायला तहसीलची पुरवठा शाखाच गाठावी लागते.

कापसात तर भले भले फसतात. हमीभाव केंद्र ठरवतं, कापूस खरेदी करणारी सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) केंद्राची, पण बाजार समिती चालते राज्याच्या १९६३ च्या कायद्यावर. म्हणून भाव कमी वाटला तर ओरड दिल्लीकडे करा, पण समितीच्या आवारात व्यापाऱ्याने मापात मारलं तर आधी समितीकडे, तिथे दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे.

आणि कलेक्टर आयएएस, म्हणून केंद्राचा माणूस? नाही भाऊ. निवड केंद्राची, काम राज्याचं.

शेवटचं, माहिती अधिकाराचं. राज्याच्या कार्यालयाची माहिती केंद्राच्या पोर्टलवर मागू नका. अर्ज परत येतो, भरलेले १० रुपये येत नाहीत.